मेंढरांमागचे धोबी

ऑक्टोबर लागला की आमच्या राणीसावरगावच्या पाझर तलावाचं पाणी मागं सरतं, काठाला चिखल उघडा पडतो आणि हिमालयापलीकडून पिवळे धोबी येतात. धोबी म्हणजे सतत शेपूट हलवणारं, मूठभर पाखरू. एवढ्याशा जिवाला इतक्या लांबून आमचाच तलाव सापडतो, याचं मला बारा वर्षं नवल वाटतंय.

यंदा मी परभणीच्या पक्षिमित्रांपुढं फुशारकी मारून बसलो. "शंभर धोबी दाखवतो, या रविवारी." त्यांच्या प्रमुख राजेश्रीताई. वर्तमानपत्रात लिहितात, पण डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एक ओळ लिहीत नाहीत. आमचा तलाव त्यांच्या लेखात यावा, ही माझी जुनी हाव. खरं तर चाळीसच्या वर मी कधी मोजले नव्हते.

शनिवारी कासाबाईला गाठलं. रोज सकाळी तिची मेंढरं त्याच काठावर उतरतात.

"मावशी, उद्या एक दिवस मेंढरं इकडं आणू नका. पाखरं बुजतात."

"बुजत्यात?" ती हसली. "बरं गुरुजी. पलीकडच्या पडीकात नेते."

एवढ्या लवकर मान्य केलं म्हणून मी खूश. शाळेत पोरांना गप्प बसवायला याहून जास्त वेळ लागतो.

रविवारी आठ जण मोटारसायकलींवरून आले. दुर्बिणी निघाल्या. चिखल स्वच्छ, निवांत, आणि रिकामा. एक टिटवी तेवढी आमच्यावर ओरडून गेली. नऊ वाजले, दहा वाजले. राजेश्रीताईंनी वही पिशवीत टाकली. मला तोंड लपवायला जागा नव्हती, म्हणून "जरा पलीकडं बघून येतो" म्हणत मी बांध ओलांडला.

पडीकात कासाबाईची मेंढरं चरत होती आणि सगळं रान पिवळं हलत होतं. मेंढराचा खूर पडला की गवतातून किडे उडायचे, ते टिपायला धोबी पायांत धावायचे. शंभर कसले, दोनशे असतील!

"मावशी, कळप काठावर घ्या हो! पाहुणे थांबलेत."

"आत्ता कुठं चराय लागलीत. वळवली तर दिवसभर तोंड घालायची न्हाईत. पाहुण्यांनाच आणा. सावकाश या अन् मधी बसा."

आठही जण आले, ढेकळांवर बसले. कळप आमच्या दोन्ही बाजूंनी चरत पुढं सरकू लागला. एक धोबी मेंढीच्या पाठीवर बसला, दुसऱ्यानं तिच्या नाकापुढची माशी टिपली. इतक्या जवळ, की दुर्बीण लावली तर नुसतं पिवळं धुकं दिसायचं. राजेश्रीताई वही काढायचंसुद्धा विसरल्या.

"हे तुम्हाला कसं कळलं?" त्यांनी हळूच विचारलं.

खोटं बोलायचा मोह झाला. "मला नाही कळलं," मी म्हणालो. "बारा वर्षं मी मेंढरं टाळून पाखरं शोधत होतो. ठाऊक होतं ते मावशींना."

मला स्वतःची लाज वाटली, आणि तरी इतका आनंद मला त्या काठावर कधीच झाला नव्हता.

कासाबाईनं काठी आडवी धरली. "गुरुजी, हलू नका. तुमच्या बुटावरची माशी टिपायलंय."

पायाला मुंग्या आल्या तरी मी हललो नाही.