कुंपणाचा काटा

वेवजीच्या प्रार्थनाघरात दर रविवारी साक्ष व्हायची. प्रभूने आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून चारचौघांत सांगायचं. आणि सुषमा उभी राहिली की जिजाच्या पोटात दुखायला लागलंच म्हणून समजा! मलेरियातून आपण नुसत्या प्रार्थनेने कशा उठलो, हे सुषमा दर दोन महिन्यांनी सांगायची. बायका दर वेळी डोळ्यांना पदर लावायच्या, आणि उमेश पास्टर म्हणायचे, "काय विश्वास आहे बाईचा!"

जिजाला पंधरा वर्षांत धड पडसंसुद्धा झालं नव्हतं. अशा बाईने साक्ष द्यायची तरी कशाची?

शेवटी गणपतीनंतरच्या एका रविवारी ती उठली आणि दिलं ठोकून. घोलवडच्या वाडीत चिकू वेचताना घोणस चावली, ना दवाखाना, ना भगत, पायावर हात ठेवून प्रार्थना केली आणि विष उतरलं! खरं तर तो कुंपणाचा काटा होता. पण टाळ्या काय पडल्या! पास्टर म्हणाले, "जिजाबाई, नाताळच्या मेळाव्यात तलासरीला हीच साक्ष द्या." सुषमाचं तोंड एवढंसं झालं. जिजाला आठवडाभर भाकरी गोड लागली.

दोघी एकाच वाडीत कामाला होत्या. मेळावा चार दिवसांवर आला असताना, सकाळी सुषमाने पाल्यात हात घातला आणि किंचाळली. घोणस. या खेपेला खरी. मनगट बघता बघता सुजलं, बांगड्या मांसात रुतल्या. मुकादम चिमण टेम्पोतले क्रेट धडाधड खाली टाकू लागला. "चला, डहाणूला दवाखान्यात!"

"नाही जायची," सुषमा म्हणाली. तिचे दात वाजत होते. "जिजाला बोलवा. तिचा विश्वास माझ्याहून मोठा आहे. जिजा, ठेव गं हात."

हेच ऐकायला जिजाचे कान किती वर्षं आसुसले होते! सगळ्या बायका बघत होत्या. खोटं कशाला बोलू, क्षणभर तिची छाती फुगलीसुद्धा. हातही पुढे गेला. मग त्या रुतलेल्या बांगड्या दिसल्या.

"मला घोणस चावलीच नव्हती!" ती ओरडली. "काटा होता गं, कुंपणाचा काटा! तुझ्या कौतुकावर जळत होते मी. ऊठ, बस टेम्पोत!"

सुषमा उठली आणि टेम्पोत जाऊन बसली.

मेळाव्याला दोघीही गेल्या नाहीत. दोन रविवारांनी सुषमा हाताला पट्टी बांधून उभी राहिली. "मला इंजेक्शनाने वाचवलं, आणि तिथवर जिजाच्या खऱ्याने पोचवलं," ती म्हणाली. "अजून एक राहिलंय. मलेरियात मी दवाखान्यातल्या गोळ्या खाल्ल्या होत्या. सगळ्या. ते सांगितलं असतं तर कोण रडलं असतं?"

पास्टरांनी चष्मा काढून पुसला. "एवढ्या वर्षांत आज पहिली साक्ष ऐकली," ते म्हणाले. आणि बायकांचे पदर पुन्हा डोळ्यांना.

जिजाचा नुसता जळफळाट झाला. चारचौघांत नाक कापून घेतलं मी, आणि साक्ष झाली हिची!

सुषमा शेजारी येऊन बसली. तिला एका हाताने गीतांचं पुस्तक उघडेना. जिजाने ते हिसकावून घेतलं. "ढोंगी मेली! गोळ्या खाऊन मला इतकी वर्षं जाळलंस?"

"आणि तू?" सुषमा हळूच म्हणाली. "एका काट्यावर मला तीन महिने जाळलंस की!"