अधांतरी थेंब

कमळाकर घरत पनवेलच्या एका कॉलेजात, भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं मदतनीस होता. इलेक्ट्रॉनवरचा विद्युतभार मोजायचं यंत्र दरवर्षी तोच पुसून जुळवून ठेवायचा. त्याच्या छोट्या दुर्बिणीला डोळा लावायची ती कॉलेजची मुलं. बारावी नापास माणसाला कोण म्हणणार, ये, तूही बघ?

तो निवृत्त झाला आणि वर्षभरात बायको वेणू गेली. पुढे कॉलेजनं ते यंत्र भंगारात काढलं, तेव्हा त्यानं मागून घेतलं आणि रिक्षात मांडीवर धरून खांदा कॉलनीतल्या घरी आणलं.

भर दुपारी पडदे ओढून तो बसू लागला. तेलाचा बारीक फवारा धातूच्या दोन चकत्यांमध्ये सोडायचा, एक थेंब निवडायचा, तो किती सेकंदांत खाली येतो ते मोजायचं. मग चकत्यांना वीज देऊन, बटण हळूहळू फिरवत त्याला अधांतरी थांबवायचं. त्यावरून थेंबावरचा भार निघतो. गणित त्यानं एका जुन्या जर्नलमधून उतरवून घेतलं होतं. पहिले पंधरा दिवस आकडे काहीच्या काही आले. मिलिमीटरचे मीटर करायला तो विसरत होता.

दोन महिन्यांत चाळीस थेंब झाले. वही समोर ठेवून तो बघत राहिला. थोडं इकडेतिकडे सोडलं, तर प्रत्येक आकडा एक पूर्णांक सहाच्या, म्हणजे एका इलेक्ट्रॉनवरच्या भाराच्या, पटीत होता. दुप्पट, तिप्पट, पाचपट. अडीचपट एकही नाही. एक इलेक्ट्रॉन, दोन, पाच. अर्धा कुणाकडेच नाही.

त्यानं न्हावा शेव्याला नोकरीला असलेल्या मुलाला फोन लावला.

“बाबा, हे तर पुस्तकात छापलंय,” निकेश म्हणाला. “डोळे कशाला फोडून घेताय? जेवलात ना?”

“जेवलो,” कमळाकर म्हणाला. जेवला नव्हता.

तेवढ्यात मासळीवाली शांती आली. बोंबील घेताना त्याच्या तोंडून निघून गेलं, “शांतीबाई, जरा एक गंमत बघता?”

पाटी दारात ठेवून ती आत आली. त्यानं एक थेंब अधांतरी धरला आणि दुर्बीण तिच्याकडे दिली. एक डोळा मिटून ती बराच वेळ बघत राहिली.

“चांदनीवानी हाय वो! पन पडत का नाय?”

“त्याच्यावर भार आहे. विजेनं धरून ठेवलाय.”

“किती दिस?”

“मी बटण सांभाळीन तोवर.”

ती हसली नाही. “वयनींनी बघितला असता,” म्हणाली आणि पाटी उचलून पुढच्या बिल्डिंगकडे गेली.

कमळाकरनं पुन्हा डोळा लावला. थेंब होता तिथंच होता. त्याचा आकडा घ्यायचा राहिला होता, पण त्यानं पेन हातात घेतलं नाही. बटण केसभर इकडे, केसभर तिकडे करत त्यानं तो पाऊण तास धरून ठेवला. मग थेंब आपसूक बाजूला सरकत अंधुक झाला, दिसेनासा झाला. फवारा हाताशी होता. त्यानं दुसरा सोडला नाही, नुसताच त्या काळोखात बघत बसला.