पहिला रकाना: चूक करणाऱ्याचे नाव

आमच्या रुग्णालयात चुका होत नाहीत. दारातच फलक आहे: 'एकही चूक न होता आज ३१२ वा दिवस.' आकडा रोज सकाळी शिपाई बदलतो. तो रजेवर गेला तरच आकडा अडतो.

ही किमया आमच्या मोठ्या डॉक्टरांची. सुरक्षेची संस्कृती रुजवायची म्हणून त्यांनी समिती नेमली आणि समितीने अर्ज छापला. झालेली किंवा होता होता टळलेली चूक त्यात कळवायची. पहिला रकाना, चूक करणाऱ्याचे नाव. दुसरा, त्याला द्यावयाची शिक्षा. काय झालं नि का झालं, यासाठी तळाशी बोटभर जागा. अर्जांचा गठ्ठा कोराच राहिला, त्यावरून समितीने संस्कृती रुजल्याचं जाहीर केलं.

मी या वॉर्डात सव्वीस वर्षं सिस्टर आहे. जीभ तिखट. 'तीनदा वाचा, मग टोचा' म्हणून सगळ्यांना मीच दटावते. आणि मंगळवारी दुपारी चूक माझ्याच हातून होणार होती.

चार नंबरच्या खाटेवर एक निवृत्त गुरुजी आहेत. त्यांच्या हातातली सुई मोकळी राहावी म्हणून तीतून थोडं मिठाचं पाणी सोडायचं होतं. कपाटातून बाटली घेतली, सिरिंज भरली, नळीला लावली. गुरुजी म्हणाले, "सिस्टर, काय देताय ते मोठ्याने वाचा बरं. सवय आहे मला, वर्गात कुणी मनातल्या मनात वाचलेलं खपायचं नाही."

हसत हसत बाटली उचलली आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. ते पोटॅशियम होतं. तसंच्या तसं शिरेत गेलं तर हृदय थांबतं. दोन्ही बाटल्या बोटाएवढ्या, दोन्हींना निळं झाकण, आणि एकाच फळीवर जुळ्या बहिणींसारख्या खेटून उभ्या.

"अक्षर लागत नाही का?" गुरुजींनी विचारलं.

"लागलं. मी चुकीचं औषध देत होते, गुरुजी. थोडक्यात निभावलं."

ते म्हणाले, "आता बरोबर काढून आणा."

मिठाचं पाणी आणून, मोठ्याने वाचून दिलं आणि मी तडक औषधांच्या कोठीत गेले. कोठीवाल्याला म्हटलं, पोटॅशियम आत्ताच्या आत्ता दुसऱ्या कपाटात हलवा.

"अर्ज आणा, सिस्टर. लेखी कारणाशिवाय फळीला हात लावता येत नाही."

मग मोठ्या डॉक्टरांकडे. ते म्हणाले, "पेशंटला काही झालं का? नाही ना? मग झाकली मूठ राहू द्या. तपासणीवाले यायचेत, तुमच्या निवृत्तीला तीन महिने उरलेत. शेवटी शेवटी नावाला बट्टा कशाला? हवं तर 'काळजी घ्या' अशी पाटी लावू."

"पाट्या अकरा आहेत, डॉक्टर. बाटल्या हलवा."

"हलवायला कारण लागतं. आणि कारण लिहिलं की नाव लागतं."

खरं सांगते, मी घाबरले. इतकी वर्षं राबून निष्काळजी म्हणून घरी जायचं? रात्रभर स्वतःला समजावलं, की यापुढे मी नीट वाचेन. पण त्या फळीशी काही मी एकटीच जात नव्हते.

सकाळी अर्ज घेतला. नावाच्या रकान्यात माझं नाव, ठळक. शिक्षेच्या रकान्यात लिहिलं, 'बाटलीची बदली'.

दुपारपर्यंत आमची फळी मोकळी झाली, आकडा शून्यावर आला आणि मला मेमो मिळाला. जेवणाच्या खोलीत कुणी माझ्या टेबलाशी बसेना. एरवी माझ्याशी दोन शब्द न बोलणारी, शेजारच्या वॉर्डाची सिस्टर मात्र सगळे गेल्यावर आली आणि तिने दार लावून घेतलं.

"तुमच्याकडच्या बाटल्या हलवल्या म्हणे?"

"हो. तुमच्याही हलवायला लावते."

ती समोर बसली. डबा उघडलाच नाही.

"उन्हाळ्यात माझ्याकडे एक सुतार होता. पाय मोडलेला, बाकी धडधाकट. नळीत मिठाचं पाणी सोडलं, पाठ वळवली, तोवर तो गेला. कागदावर हृदयविकार लिहिलं. ते मिठाचंच पाणी होतं, असं मी रोज उठून स्वतःला सांगते."

मी तिचा हात धरला.

"एक अर्ज द्या मला," ती म्हणाली. "आणि त्याच्या बायकोकडे जायचंय. बरोबर याल का हो?"