खांद्यावरचा हात

आईचा एकटीचा फोटो घरात कुठेच नव्हता. शेवटी मुरगूडच्या लग्नातला एक सापडला. तानूबाई हसतायत, शेजारी दीक्षा उभी, आणि तानूबाईंचा हात लेकीच्या खांद्यावर. फ्लेक्सवाल्या अरबाजने स्क्रीनवर दीक्षाला कापून बाजूला केलं. हात तेवढा राहिला, कुणाच्याच खांद्यावर नसलेला.

“ह्यो असा बरा दिसत न्हाय, ताई. साफ करू?”

“करा.”

माउस इकडे-तिकडे फिरला आणि हात गेला.

जलदान विधी उद्या होता, फ्लेक्स आज चौकात लागायला हवा होता. अरबाजच्या तयार डिझाइनमध्ये ‘कै.’ होतं, ते दीक्षाने बौद्ध रीतीप्रमाणे ‘कालकथित’ करून घेतलं. आईचं नाव नीट लागावं, एवढंच आता तिच्याकडून होण्यासारखं होतं. आई आयसीयूत होती तेव्हा तेवढंही होत नव्हतं. तोंडात नळी होती, म्हणून आईला बोलता येत नव्हतं. नळी ओढू नये म्हणून दोन्ही मनगटं बँडेजने पलंगाच्या दांड्याला बांधलेली. फक्त बोटं उघडायची, मिटायची, चादर चाचपायची. दीक्षा हात पुढे करायची तोवर भेटीची वेळ संपलेली असायची.

“बघा, ताई. वाढदिवसाच्या फ्लेक्सला मी चाळीस डोकी बसवतो. तुमच्या तिघांला काय येळ लागतोय?”

  भावपूर्ण आदरांजली

   कालकथित
 तानूबाई यल्ला      प्पा कांबळे

 जलदान विधी व पुण्यानुमोदन

   शोकाकुल
(अतुल)  (साक्षी)  (दीक्षा)

“नाव तुटलंय,” दीक्षा म्हणाली.

“फॉन्ट फुटला. ह्यो रोजचाच ताप हाय.” त्याने नाव पुसून पुन्हा टाइप केलं. नाव जुळलं. खालची ओळ उसवली.

 जल  दान  विधी  व    पुण्यानुमोदन

तीन पांढऱ्या फटी शेजारी-शेजारी, चौथी जरा लांब. अरबाजने कॉम्प्युटर बंद करून चालू केला, दुसरी फाइल घेतली, अक्षर बदललं. मधली ओळ सरळ झाली आणि फटी आणखी खाली उतरल्या.

   शो
      का
   कु
         ल

“ह्ये खाली यायलंय,” अरबाज हळू आवाजात म्हणाला. आता त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती. “कुणाकडं चाललंय ह्ये?”

फटी उघडत होत्या, मिटत होत्या. आईच्या बोटांची ही चाल दीक्षाला पाठ होती. तिच्या गोल फोटोची कड पांढरी होऊ लागली, आणि दुकानात पंखा गरगरत असताना तिचा डावा खांदा तेवढाच गार पडला.

अरबाजने तिला न विचारता तो गोल निवडला आणि डिलीट केला.

“माफ करा, ताई. मला बघवंना.”

(अतुल)  (साक्षी)  (     )

पांढरं थांबलं. क्षणभर रिकाम्या गोलात घुटमळलं. मग आंधळ्या माणसाने भिंत चाचपावी तसं बाजूला सरकलं.

(अतुल)  (सा     क्षी)  

फोन वाजला. अतुल होता, तिचा धाकटा भाऊ, साक्षीचा बाप.

“आक्का, हितं साक्षी बघ की. खांदा धरून रडायली. मगाशी चांगली खेळत हुती.”

“काय म्हणतेय ती?”

“काय तरीच. म्हणतीया, आजी सोडंना.” पलीकडे पोर किंचाळली. “आक्का, काय करू गं मी?”

दीक्षाने फोन टेबलावर ठेवला, चालूच. आईला कुणालाही छळायचं नव्हतं. आईने नातीवर कधी साधा आवाजही चढवला नव्हता. हा हात जिथून उचलला होता ती जागा शोधत होता. डोळे नव्हते, तोंड नव्हतं, नुसती बोटं होती. सापडेल तो खांदा धरत होती.

“अरबाजभाई, मला परत टाका.”

“टाकतो की. कोपऱ्यात बारका—”

“खाली नको. मुरगूडचा मूळ फोटो घ्या. कापू नका.”

माउसवरचा त्याचा हात थिजला. “डोकं ठिकाणावर हाय का, ताई? वरची जागा गेलेल्या माणसाची. जित्या माणसाला तिथं बसवत न्हाईत. मी तर न्हाय बसवणार.”

फोनमधून रडणं बारीक होत चाललं होतं. शमल्यासारखं नाही, श्वास पुरत नसल्यासारखं.

“मग उठा,” दीक्षा म्हणाली. “मी बसवते.”

तो उठला नाही. पण त्याने तो फोटो उघडला.

  भावपूर्ण आदरांजली

  (तानूबाई)(दीक्षा)

सगळी अक्षरं एकदम जुळून आली, कुठे केसाएवढी फट राहिली नाही. फोनमध्ये साक्षी मुसमुसत बिस्किट मागत होती. अतुल म्हणाला, “दुखायचं थांबलं बघ, आक्का. एकदम थांबलं. तुझं काम झालं का न्हाय?”

“होत आलं.”

मशीन घरघरलं. फ्लेक्स ओलसर रंगाच्या वासासकट बाहेर सरकू लागला: आधी अक्षरं, मग दोघींचे चेहरे, मग हात. लग्नात त्या मनगटात हिरव्या बांगड्या होत्या. छापून आलेल्या मनगटावर बँडेज होतं, आणि त्याची गाठ.

अरबाज दाराकडे मागे-मागे सरकला. दीक्षा हलली नाही. तिच्या डाव्या खांद्यावर वजन उतरलं होतं. तिने मान वळवली नाही, उजवा हात वर नेला. बोटांना कापड लागलं, त्याखाली ताणलेली, गार कातडी लागली. तिने गाठ चाचपली. इथे गाठीत नखं घालता येत होती, भेटीची वेळ ठरवणारं कुणी नव्हतं.

“थांब आई,” ती म्हणाली. “सोडवते.”

गाठ ओढली की बोटं तिच्या खांद्यावर घट्ट मिटत होती. ती ओढत राहिली.

बाहेर अरबाज हाका मारत होता, ताई,    ताई, आणि

दी      क्षा गाठ

ओ      ढत

हो      ती