पितळी टोपणं

पुढचं डावं

सुशांतने दोन बोटांच्या चिमटीत टोपण धरून पिळलं. ते हललं नाही. त्याने बोटं पँटला पुसून कोरडी केली आणि पुन्हा पिळलं, या वेळी दात आवळून. डोक्याशी उभ्या असलेल्या धाकट्या भावाला प्रयत्न दिसायला हवा होता.

"पक्कड देऊ?" नितेशने विचारलं.

"पक्कड लावूनच वाट लागली ना?"

बोरिवलीतल्या त्या टॉवरच्या पार्किंगमध्ये रविवारचं गाड्या धुतल्याचं पाणी वाहत होतं. नितेशने मोबाइलचा उजेड चाकावर धरला होता आणि तो शुक्रवारचा प्रसंग दुसऱ्यांदा सांगत होता. गणपतीला गावी जायचं म्हणून तो पंपावर हवा भरायला गेला. मागच्या एका चाकाच्या व्हॉल्व्हवरचं टोपण जाम बसलेलं. तिथल्या माणसाने पक्कड लावून जोर केला आणि टोपणाबरोबर व्हॉल्व्हच तुटून हातात आला. नुसता व्हॉल्व्ह असता तर प्रश्न नव्हता. पण या गाडीत व्हॉल्व्हच्या बुडाशी, चाकाच्या आत, हवेचा दाब सांगणारा सेन्सर असतो. दोन्ही मिळून एकच वस्तू. तीच गेली. पंक्चरवाल्याने साधा रबरी व्हॉल्व्ह बसवून दिला. गाडी आता मस्त चालते, फक्त स्टिअरिंगच्या मागे पिवळा दिवा पेटलाय तो विझत नाही.

सर्व्हिस सेंटरवाल्याचं म्हणणं, चारही बदला. बाकीची तीन टोपणंही जाम आहेत, काढायला गेलं की तुटणारच. मजुरी धरून वीस हजार.

"एवढ्याशा तुकड्यांचे वीस हजार, यार." नितेश त्याच्या शेजारी उकिडवा बसला. "तू सांग. एकच बदलून नाही चालणार?"

मालाडला सुशांतचं गाड्यांच्या सामानाचं दुकान होतं. सीट कव्हर, मॅट, आरसे, हॉर्न. नातेवाइकांत कुणाच्याही गाडीचं काहीही झालं तरी शेवटचा शब्द त्याचा. तो उठला. गुडघे झटकले.

"चारही," तो म्हणाला.

नितेशने मोबाइलचा उजेड बंद केला. मग म्हणाला की गणपतीच्या आधी काही जमणार नाही, नंतर बघू. दिवा पेटलेला असू दे, त्याचं काही नाही. अडचण आईची होती. काल देवळात जाताना ती पुढे बसली, तिला तो दिवा दिसला, आणि तिने पट्टा लावायच्या आधीच दार उघडलं. दिवो पेटलेलो आसताना मी बसूचंय नाय, म्हणाली. समजावून झालं, रुचिराने दोन वेळा समजावलं. नाहीच.

"म्हणजे यंदा पण आई तुझ्याच गाडीत," नितेश म्हणाला.

सुशांतने मान हलवली. मग पुन्हा खाली बसून, काही गरज नसताना, त्या चाकावरचा चिखल नखाने खरवडू लागला.


पुढचं उजवं

टोपणं सुशांतनेच दिली होती.

एप्रिलमध्ये गाडी आली तेव्हा सगळे याच पार्किंगमध्ये जमले. चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला, रुचिराने पेढ्यांचा बॉक्स फिरवला. आईने बॉनेटवर कुंकवाने स्वस्तिक काढलं आणि नंतर तळहात सपाट करून गाडीवरून लांबपर्यंत फिरवला, जसा आजारातून उठलेल्या पोराच्या पाठीवरून फिरवावा. आपली गाडी आली तेव्हा तिने असा हात फिरवला होता का, ते सुशांत आठवत राहिला. पेढा हातात तसाच मऊ झाला.

मग त्याने खिशातून पितळी टोपणांचं पाकीट काढलं. गाडीला दागिना नको का, म्हणाला. सगळे हसले. काळी प्लास्टिकची टोपणं काढून त्याने एकेका चाकापाशी बसून ती स्वतः लावली, नितेशला हात लावू दिला नाही. लागतं त्यापेक्षा एक वेढा जास्तच पिळला.

त्याआधी जानेवारीत गोराईहून एक गिऱ्हाईक भांडायला आलं होतं. हीच टोपणं नेलेली. खाऱ्या हवेत पितळ त्या सेन्सरच्या ॲल्युमिनियमच्या व्हॉल्व्हला धरून बसतं, तुकडे झाल्याशिवाय सुटत नाही, असं तो माणूस दुकानासमोर उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगत होता. सुशांतने पैसे परत केले. ज्यांच्या गाडीला सेन्सर आहे त्यांना ही द्यायची नाहीत, असं मनाशी ठरवलं आणि राहिलेली पाकिटं खालच्या खणात टाकली.

नितेशकडे निघाला त्या सकाळी काचेच्या कपाटात देण्यासारखं कितीतरी होतं. गणपतीची मूर्ती, अत्तराची बाटली, मोबाइल अडकवायचा स्टँड. तो खणापाशी वाकला.

विसरलो होतो, असं त्याला मधूनमधून वाटे. वाटलं की तो उठून दुसरं काहीतरी काम काढी.


मागचं उजवं

आई गेल्या दिवाळीत नितेशकडे राहायला गेली. भांडण वगैरे काही नाही. मालाडच्या इमारतीला लिफ्ट नाही आणि आईचे गुडघे तिसऱ्या मजल्याला तयार नाहीत, इतकं साधं. तिची ट्रंक सुशांतनेच खांद्यावरून खाली उतरवली. त्यानंतर रविवारी भेटायला गेलं की ती नितेशच्या सोफ्यावर बसलेली असे आणि रुचिराला म्हणे, "सुशांत इलो, चाय ठेव." पाहुण्यासाठी ठेवतात तसा चहा येई, बशीत बिस्किटं घालून.

त्याच्याकडे उरला होता तो गणपतीचा प्रवास.

वर्षातून एकदा, पहाटेपासून दुपारपर्यंत, आई त्याच्या शेजारी पुढच्या सीटवर. मांडीवर सुट्या पैशांचा बटवा. पूल आला की ती म्हणायची, हळू घे. सुशांत मागच्या गाड्यांचे हॉर्न खात गाडी हळू घ्यायचा. ती काच खाली करून नाणं नदीत भिरकावायची आणि हात जोडायची. सावित्री झाली, वाशिष्ठी झाली. मधल्या वेळात ती बोलत असे. बाबांची गिरणी बंद पडली तेव्हा ते सहा महिने रोज डबा घेऊन कुठे जाऊन बसायचे, हे तिने त्याला अशाच एका पुलानंतर सांगितलं होतं. घरी असताना तिने ते कुणालाच कधी सांगितलं नाही.

यंदा एप्रिलपासून सगळं गृहीत धरलं गेलं होतं. नवी गाडी, उंच सीट, आईला रस्ता नीट दिसेल. सुशांतला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर तो हो म्हणाला असता, ते वेगळं.

त्या आठवड्यात त्याने आपल्या जुन्या गाडीची पुढची सीट काढून धुतली. वाळत घातली. पुन्हा बसवताना एक इंच मागे बसवली, आईचे पाय लांब करता यावेत म्हणून. गिअरपाशी नाण्यांसाठी स्टीलची वाटी चिकटवली.

बुधवारी सामान पुरवणाऱ्याचा फोन आला. बोलता बोलता सुशांतने विचारलं, फक्त माहितीसाठी. तसा सेन्सर निम्म्याहून कमीत मिळत होता. चांगल्या मेकचा, गाडीशी जुळवूनही देईन म्हणाला. आणि जाम टोपणांचं तर सुशांतला स्वतःलाच माहीत होतं. गंजावरचं तेल मारायचं, रात्रभर मुरू द्यायचं, सकाळी हलक्या हाताने सुटतात. त्या गोराईवाल्यानंतर त्याने दोघांची अशी सोडवून दिली होती.

दुपारी नितेशचा मेसेज आला. काही स्वस्तात जमेल का रे?

सुशांतने तो वाचला. गिऱ्हाइकाला मॅट दाखवली, हिशेब केला, शटर अर्धं ओढून जेवला. मग उत्तर लिहिलं. ओरिजिनलच टाक. रिस्क नको.


मागचं डावं

हे तुटलं.


स्टेपनी

स्टेपनीला सेन्सर नसतो. तिच्यात हवा किती आहे ते गाडीला कळत नाही.

निघायच्या दोन दिवस आधी, संध्याकाळी, सुशांत आईचं सामान न्यायला बोरिवलीला आला तेव्हा पार्किंगमध्ये धूर होता. आईने नितेशच्या गाडीची दृष्ट काढली होती. बॉनेटसमोर तव्यावर कापूर, मीठ, मोहरी आणि मूठभर मिरच्या. तिच्या स्वतःच्या डब्यातल्या, गावच्या. वॉचमन नाकाला रुमाल लावून धावत आला होता, रुचिरा खांबाला धरून खोकत होती, नितेशच्या डोळ्यांतून पाणी.

"गाडयेक काय्येक नाय," आई समाधानाने म्हणाली.

कारण खरंच दृष्ट असली तर मिरच्या कितीही जळू देत, ठसका लागत नाही. सगळा तिखटपणा ती दृष्टच खाते.

"मग बसशील माझ्या गाडीत?" नितेशने डोळे पुसत विचारलं.

"दिवो विझलो काय?"

"नाही."

"मगे?"

वर आल्यावर रुचिराने चहा ठेवला. सुशांत पिशव्या मोजायला लागला तर आईने स्वयंपाकघराच्या दारात पाट टाकला आणि त्याला म्हणाली, "आता तू बस."

तो हसला. मला काय झालंय, म्हणाला. आईने एकेक करून सांगितलं. दुकान बसलंय. अंगातला शर्ट लोंबतोय. रविवारी आलास तर टेकत नाहीस, घड्याळ बघतोस. फोनवर काही विचारलं तर हां, हूं. पूर्वी असा नव्हतास. कुणाची तरी लागली आहे, आणि चांगलीच लागली आहे.

"आई, माझ्यावर कोण जळणार?"

"बस म्हणतंय ना."

तो पाटावर बसला. तिच्या मिरच्या गाडीवर संपल्या होत्या. रुचिराने आपल्या बरणीतल्या दिल्या, जाड, लालभडक. आई मूठ वळून त्याच्या डोक्यावरून पायांकडे उतरवू लागली. पुटपुटणं चालू होतं. आल्यागेल्याची, शेजारणीपाजारणीची, घरच्याची, दारच्याची. मूठ कपाळाजवळून गेली की तिच्या बांगड्यांचा थंडपणा त्याला लागे. त्याने मान खाली घातली.

नितेश फ्रिजला टेकून चहा पीत होता.

"आई, एवढी शोधू नको. माझीच असेल."

रुचिरा हसली. नितेशही हसला.

"हसू नको, खरं सांगतोय. इतकी वर्षं हे दोघं पुढे आणि मी मागे, मखराच्या खोक्यांमध्ये. काय बोलतायत ते ऐकूसुद्धा यायचं नाही. एकदा म्हटलं, आई, पुलापर्यंत तरी मला पुढे बसू दे. तर म्हणाली, त्याका रस्तो सांगूचो लागता." त्याने आईच्या आवाजात म्हटलं. "सरळ हायवे. त्यात काय सांगायचंय?"

तो कपात बघत राहिला.

"नाहीतर एवढी मोठी गाडी घेतली कशाला मी," तो म्हणाला, बराच हळू.

आईची मूठ थांबली नव्हती. शेवटचा फेरा तिने जमिनीपर्यंत नेला, उठताना सुशांतच्या खांद्यावर हात टेकला आणि मूठ तापलेल्या तव्यावर रिकामी केली.

मोहरी तडतडली. मिरच्या फुगल्या, कडेने काळ्या पडत गेल्या. धुराची एक बारीक रेघ वर चढली. आई तव्यावर वाकली आणि वाट बघत राहिली. रुचिराने पदर नाकाशी नेला होता, तो तिने हळूच खाली घेतला. मिरच्या पूर्ण काळ्या झाल्या. वास आला नाही.

नितेशचा कप ओठांजवळ थांबला होता. मघाचं हसू त्याच्या चेहऱ्यावर अजून होतं, पण ते कुठे ठेवावं हे त्याला सुचत नव्हतं.

सुशांतला ठसका लागला.

एकदा, मग पुन्हा, मग छातीला हात लावून, वाकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. रुचिराने पाण्याचा ग्लास पुढे केला. त्याने हातानेच थांब म्हटलं आणि आणखी एकदा खोकला.

आईने त्याच्याकडे पाहिलं. तव्याकडे पाहिलं. मग गॅस बंद केला.

"तुझी नाय रे," ती नितेशला म्हणाली आणि तवा नळाखाली धरला.

सुशांत पाटावरून उठला. खोकून आवाज बसला होता.

"सेन्सर एकच लागेल," तो म्हणाला. "मी आणतो. बाकीच्या टोपणांना आज तेल मारून ठेवू, सकाळी सुटतील. ती पितळी टाकून दे सगळी. दुपारी दुकानावर ये, दिवा विझवून देतो. मग आई येईल तुझ्याबरोबर."

"तू चार म्हणाला होतास."

"एकच."

धूर बाहेर जावा म्हणून नितेशने खिडकीची काच सरकवली आणि पाठ करून तिथेच उभा राहिला. धूर फारसा नव्हताच.