अंबडच्या घरासाठी आणलेलं दूध

कल्याण लग्नापासून जालन्यात भाड्यानं राहत होता. बँकेचं कर्ज काढून त्यानं घर घेतलं ते मात्र अंबडला, कोर्टाजवळ. तिथं भाडेकरू लगेच मिळतो आणि भाड्यातून निम्म्याहून जास्त हप्ता सुटतो, हा त्याचा हिशेब बराबर निघाला. ताबा मिळाला त्याच आठवड्यात उमा आणि तिचा नवरा तिथं भाड्यानं राहायला आले.

हिशेबात फक्त आई धरलेली नव्हती. सोनूबाई तीर्थपुरीहून नारळ आणि दुधाची किटली घेऊन कल्याणसोबत अंबडच्या घरी आल्या. नव्या घरात आधी शेगडीवर दूध उतू जाऊ द्यायचं, बाकी सगळं मागनं.

"मावशी, आम्ही आलो त्याच दिवशी घातलं की उतू," उमा म्हणाली.

कल्याणच्या कपाळाला आठ्या पडल्या. "घर आमचं, अन् दूध तुम्ही घातलं?"

"जो राहतो त्यानंच घालायचं असतं," म्हणत सोनूबाईंनी उमाची ओटी भरली आणि भरलेली किटली उचलून बाहेर आल्या.

"जालन्याच्या घरात तुम्ही दोघांनी घातल्तं का कधी?" त्यांनी कल्याणला विचारलं.

"न्हाई. ते दुसऱ्याचं घर हाय, आई."

"मंग चल जल्दी. दूध नासायच्या आत पोचू."