हरण्याची नोकरी

"मॅडम, तेवढं अर्पिताच्या कानावर घाला. आज कोर्टवर पाहुण्यांना जिंकू द्यायचं. पण एकदम लेचंपेचं न्हाई, बराबर चुरशीचं वाटलं पाह्यजे," मॅनेजर सुयश म्हणाला. "तुम्हाला काय सांगायचं? तुमची तर जिंदगी गेली ह्याच्यात."

तो हे कौतुकाने म्हणाला, म्हणून कल्याणीबाईंना जास्तच लागलं.

एमआयडीसीतल्या ह्या बियाणे कंपनीने त्यांना नोकरीवर घेतलं, तेव्हा त्या राज्याच्या टेनिस विजेत्या होत्या. पेपरात फोटो, जालन्यात मिरवणूक, हारतुरे, सगळं झालं. मग शेठजींनी गोदामामागे कोर्ट बांधलं आणि कल्याणीबाईंचं खरं काम सुरू झालं. कुणी बडा साहेब आला, की संध्याकाळी त्याच्याशी खेळायचं आणि हरायचं. साहेब पोट सांभाळत धावायचा. कल्याणीबाई त्याच्या रॅकेटवर चेंडू नेऊन ठेवायच्या आणि शेवटी एखादा जाळीत घालायच्या. साहेब खूश, शेठजी खूश. त्यावर घर चाललं, नवऱ्याचं आजारपण निभावलं. स्पर्धांना मात्र रजा मिळेना, आणि पुढे पुढे त्यांनीही ती मागणं सोडलं. खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात, पण किती जागावं हे कुणी सांगत नाही.

निवृत्तीनंतर दुखरा खांदा घेऊन त्या कामगारांच्या मुलींना शिकवत. त्यांत अर्पिता लाखात एक. गोदामातल्या हमालाची पोर. लहानपणी कल्याणीबाईंच्या खेळात बाहेर गेलेले चेंडू हीच आणून द्यायची. हिच्या वाट्याला हरण्याची नोकरी येऊ नये, एवढी एकच इच्छा त्यांच्या मनात उरली होती.

अर्पिता बुटाची नाडी बांधत होती. कल्याणीबाई तिच्याशेजारी टेकल्या.

"सर काय म्हणत होते, आजी?"

"काई न्हाई. तू तुझा खेळ खेळ. समोर कोण हाय ते बघूच नको."

"बरं."

सुयशने दुरूनच 'सांगितलं का?' अशी खूण केली. कल्याणीबाईंनी खुशाल 'हो' म्हणून मान हलवली. ह्या वयात आता त्यांचं कोण काय करणार होतं?

अर्पिताने सुरुवातीलाच पाहुण्यांना असं पळवलं, की सुयशचं तोंड एवढंसं झालं. कल्याणीबाईंना बरं वाटलं. खूप वर्षांनी वाटलं.

मग एक सोपा चेंडू जाळीत गेला. दुसरा वीतभर बाहेर. लोक हळहळले, पण कल्याणीबाई गार पडल्या. चेंडू यायच्या आत मनगट जरासं सैल सोडायचं, ही त्यांची युक्ती. ती त्यांनी कधी कुणाला शिकवली नव्हती.

पाहुणे जिंकले. टाळ्या झाल्या. अर्पिता घामेजल्या तोंडाने धावत आली आणि त्यांच्या कानाशी लागली.

"जमलं ना, आजी? सरांची खूण बघितली मी. तुम्ही सांगितलं न्हाई, तरी समजलं. बिलकुल तुमच्यावानी केलं. लहानपणापासून बघून राह्यले ना तुम्हाला."

पोरगी शाबासकीसाठी थांबली होती. कल्याणीबाईंनी तिच्या हातातली रॅकेट काढून घेतली, आपल्या मांडीवर ठेवली आणि त्या पदराने तिचा घाम पुसत राहिल्या.